गाडी गेल्यावर उरणारी सावली

झोपण्याची सोय असलेली मोटार घेऊन कुटुंबासह चार दिवस बाहेर पडण्याची हौस आता आपल्याकडेही वाढू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याच्याही आधीपासून हौशी मंडळी आपल्या व्हॅनमध्ये फळ्या आणि गाद्या टाकून तुळजापूर, नळदुर्ग, परांडा, तेर अशी फेरी करीत आली आहेत. परंतु छोट्या गाडीत निजण्यापुरती जागा झाली, तरी बसण्याची, स्वयंपाकाची आणि दुपार काढण्याची सोय होत नाही. त्यासाठी गाडीच्या कुशीला एक कापडी आडोसा लागतो. विलायतेत त्याला ‘ड्राइव्ह-अवे ऑनिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘जोड-राहुटी’ म्हणू. गाडी उभी असेल तेव्हा तिच्या दाराशी जोडलेली, आणि गाडी निघून गेली तरी जागच्या जागी उभी राहणारी, ती जोड-राहुटी. अशी एखादी लहान राहुटी घ्यावयाची झाल्यास ती कशी पारखावी, हा ह्या लेखाचा विषय आहे.

वस्तू नवी वाटली तरी गरज जुनी आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेस लोक बैलगाड्या जोडून जात. गाडीच्या कठड्याला ताडपत्रीचे एक टोक बांधावयाचे, दुसरे टोक दोन काठ्यांवर ताणावयाचे, की घराची सावली तयार. ह्या सोयीत एकच खोट होती. पाणी आणण्यास गाडी हलवावी लागली, की सावलीही हलत असे. आषाढी वारीतील दिंड्यांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून पंढरपुरास जाते. वारीच्या वाटेवर दिंड्यांचे ट्रक पुढे जातात, मुक्कामाच्या जागी राहुट्या ठोकल्या जातात, आणि मग ट्रक पाण्याला, शिध्याला मोकळा होतो. राहुटी ट्रकमधून येते खरी, पण ट्रकच्या आधाराने उभी राहत नाही. जोड-राहुटीचे सारे मर्म ह्या एका वाक्यात आले.

म्हणून निवडीची पहिली कसोटी ही, की राहुटी एकटी उभी राहते की नाही. विक्रेता दाखवितो ते चित्र गाडीला जोडलेल्या राहुटीचे असते. गाडी वाऱ्याच्या बाजूस भिंतीसारखी उभी असते, आणि तिच्या आडोशाला कापड शांत दिसते. पण आपण गाडी घेऊन तुळजापुरास दर्शनाला गेलो, की ती भिंतही आपल्याबरोबर जाते. मागे राहतात ती म्हातारी माणसे, झोपलेले मूल, सामान आणि कापड. तेव्हा राहुटी पाहावयाची ती गाडी बाजूला काढून. चारही बाजूंनी तणावे बांधण्याची सोय आहे काय, गाडीकडील बाजू बंद करावयास कनात आहे काय, आणि तीही पूर्ण लागते काय, हे आधी पाहावे. गाडीकडील तोंड उघडे राहिले, तर वारा आत शिरतो आणि छत खालून वर उचलतो. राहुट्या उडतात त्या बहुधा अशा.

वाऱ्याचा जोर किती असतो, ह्याचा आपल्याला सहसा अंदाज नसतो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. अडीच मीटर लांब आणि दोन मीटर उंच अशी राहुटीची एक बाजू धरा. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे ९-१० किलो भार येतो. ४० च्या वाऱ्यात तो ३८ किलोच्या आसपास जातो, आणि ६० च्या वाऱ्यात ८५ किलोच्या. वळवाच्या आधी जी वावटळ सुटते, तिला ४० किंवा ६० हे आकडे मुळीच परके नाहीत. पाण्याचा २० लिटरचा कॅन कोपऱ्याला बांधला की काम झाले, असे समजणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. कॅन २० किलोचा आणि ओढ त्याच्या चौपट! शिवाय तीच राहुटी अडीचऐवजी साडेतीन मीटर लांबीची घेतली, की भार ४० टक्क्यांनी वाढतो. ‘थोडी मोठीच घेऊ’ हा मोह आवरावा तो ह्याकरिता. चार माणसांना बसावयास, किंवा तिघांना निजून सामान ठेवावयास, आठ फूट बाय आठ फूट जागा पुरते.

वाऱ्याला उत्तर द्यावयाचे ते मेखांनी आणि तणाव्यांनी, आणि येथे आपल्या जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो. बालाघाटाच्या माळावर मुरूम लागतो. राहुटीबरोबर येणाऱ्या तारेच्या बारीक मेखा त्यात वाकून जातात. तेथे जाड पोलादी मेखा आणि घण पाहिजे. काळ्या रानात उलटा प्रकार. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळलेली असते, मेख भेगेत जाते आणि सैल राहते. एक पाऊस झाला की तीच माती लोण्यासारखी होते आणि मेख हाताने उपटून येते. अशा रानात लांब व रुंद पात्याच्या मेखा वापराव्यात, आणि पावसानंतर प्रत्येक मेख पुन्हा ठोकून पाहावी. मेख उभी न ठोकता तिचे डोके राहुटीपासून बाहेर कलते ठेवावे, म्हणजे दोरीची ओढ तिला उपटण्याऐवजी जमिनीत दाबून धरते. हे पाल ठोकणाऱ्या कोणत्याही भटक्या माणसाला ठाऊक असते; मोटारीतून हिंडणाऱ्याने ते त्याच्यापासून शिकावे.

आता जोडणीविषयी. राहुटी आणि गाडी ह्यांच्यामध्ये कापडाचा एक लहान बोळ असतो. तो गाडीला जोडण्याच्या तीन रीती आहेत. गाडीच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची खोबण बसवून घेतात आणि कापडाच्या काठात शिवलेली दोरी तिच्यात सरकवितात. ही रीत सर्वांत घट्ट, पण खोबण नीट बसवून घ्यावी लागते. दुसऱ्या रीतीत टपावरून पट्टे टाकून ते पलीकडच्या बाजूला बांधतात. ही स्वस्त, कोणत्याही गाडीला चालणारी, पण वाऱ्यात पट्टे फडफडतात आणि रंग घासतात. तिसरी रीत लोहचुंबकाची. ती शांत हवेपुरती. कोणतीही रीत घ्या, पण एकट्या माणसाला पाच-दहा मिनिटांत बोळ सोडविता आला पाहिजे. रात्री कोणाला एकाएकी दवाखान्यात न्यावे लागले, तर गाठी सोडीत बसणे परवडणार नाही.

उंचीत चूक फार होते. मारुतीच्या लहान व्हॅनची उंची १.८ मीटरच्या आसपास असते, तर प्रवासी टेंपोची त्याहून कितीतरी अधिक. उंच गाडीसाठी केलेला बोळ ठेंगण्या गाडीला लावला, तर त्याला झोळ पडतो आणि झोळात पाणी साचते. उलट केले तर कापड ताणून शिवण उसवते. म्हणून जमिनीपासून जोडणीच्या जागेपर्यंतची उंची सामान भरलेल्या गाडीवर स्वतः टेपाने मोजावी आणि तो आकडा घेऊन दुकानात जावे. दार कोणत्या बाजूला उघडते, हेही पाहावे. परत आल्यावर गाडी नेमकी पूर्वीच्या जागी लागावी, म्हणून निघण्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ एकेक दगड ठेवावा. ह्या फुकटच्या युक्तीने पुष्कळ भांडणे वाचतात.

कापडाचे प्रकार मुख्यत्वे तीन. सुती कॅनव्हास उन्हात सर्वांत सुखाचा; त्यातून हवा जाते, आणि पहिल्या पावसात त्याचे धागे फुगून बारीक छिद्रे बुजतात. पण तो जड असतो, ओला झाला की आणखी जड होतो, आणि ओलाच गुंडाळून ठेवला तर बुरशी लागते. पॉलिएस्टर हलके, लवकर वाळणारे. लहान जोड-राहुटीस बहुधा तेच बरे. प्लॅस्टिकची ताडपत्री सर्वांत स्वस्त, पण तिच्यातून हवा जात नाही. वैशाखातील दुपारी तिच्याखाली बसणे म्हणजे भट्टीत बसणे होय. उष्म्यावर खरा उपाय कापडाच्या किमतीत नसून हवेच्या वाटेत आहे. समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या आणि छताखाली गरम हवा निघून जाण्यास झरोका असलाच पाहिजे. छतावर वीतभर अंतर सोडून दुसरे फिक्या रंगाचे कापड ताणले, तर उन्हाचा ताप बराच कमी होतो.

सांगाड्याच्या बाबतीत हल्ली हवा भरून फुगविण्याच्या नळ्या निघाल्या आहेत. त्या पाच मिनिटांत उभ्या राहतात, हे खरे. पण आपल्याकडे बाभळीचा काटा सर्वत्र आहे, हे विसरू नये. शिवाय सकाळच्या गारव्यात गच्च फुगविलेली नळी दुपारी तापून अधिकच ताठते. थोडी हवा सोडावी लागते. काचतंतूच्या काड्या स्वस्त, पण मोडल्या की चिरफळ्या उडतात. ॲल्युमिनियमच्या नळ्या महाग, पण वाकल्या तर गावातला कारागीरही सरळ करून देतो. जी वस्तू आपल्या तालुक्याच्या गावी दुरुस्त होते ती चांगली, हा नियम येथे निःशंक लावावा. ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून मापाप्रमाणे राहुटी शिवून घेणेही शक्य आहे. मात्र कोपऱ्यांना दुहेरी कापड आणि रिंगांभोवती जाड ठिगळ मागून घ्यावे, कारण कापड फाटते ते तेथूनच.

दोन धोके असे, की त्यांपुढे बाकीचे विचार गौण ठरतात. पहिला विस्तवाचा. बंद राहुटीत शेगडी किंवा गॅस पेटवू नये. आग लागते हे तर उघड आहे. पण न दिसणारा, वास नसणारा कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच माणसाचा प्राण घेतो. गाडी राहुटीला जोडलेली असताना तिचे यंत्र चालू ठेवणेही त्याच कारणाने वर्ज्य. दुसरा धोका विजेचा. वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. राहुटी विजेपासून मुळीच रक्षण करीत नाही. बंद काचांची, पत्र्याच्या टपाची मोटार करते. म्हणून आभाळ गडगडू लागले, की सर्वांनी गाडीत बसावे. आणि गाडी बाहेर गेलेली असेल तर? तर जवळचे पक्के घर कोणते, हे राहुटी ठोकतानाच पाहून ठेवलेले असावे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तिने ऋतूचा भरवसा धरू नये, हे आपल्याला शिकविले आहे.

छपराने आपल्या जिल्ह्याला एक धडा फार महाग दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तुरासारख्या गावांत दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. जड छप्पर पडून मारते, हलके छप्पर उडून उघड्यावर टाकते. निवारा कोणताही असो, तो कशाने मोडेल हे आधी विचारणे आणि मग त्याखाली माणसे ठेवणे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

हा विचार सहलीपुरता ठेवून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यातील कळंब, भूम, वाशी, परांडा ह्या भागांतून दर दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाजवळ ती कोप्या उभारतात. वाकविलेले बांबू, वर चटई आणि प्लॅस्टिक, आत शिरताना वाकावे लागेल इतकी उंची. रात्र सरण्याआधीच नवरा-बायको कोयता घेऊन गाडीबरोबर फडात जातात. गाडी गेली, की कोपीत उरतात लहान मुले आणि एखादी म्हातारी. गाडी जाते आणि घर उरते, हा जोड-राहुटीचा प्रसंग आपल्याकरिता चार दिवसांचा आहे. त्यांच्याकरिता तो पाच-सहा महिन्यांचा संसार आहे. अवकाळी पाऊस, रात्रीचा गारठा, चुलीची ठिणगी आणि वाळलेले पाचट, हे सारे धोके त्या कोपीला लागू आहेत, आणि त्यांपासून पळावयास तेथे मोटार नाही.

ह्यावर उपाय अवघड नाहीत. वर सांगितलेल्या कसोट्याच तेथे लावाव्यात: उभे राहता येईल इतकी उंची, समोरासमोर हवेची वाट, सहज पेट न घेणारे कापड, चारही बाजूंचे तणावे, चुलीसाठी वेगळा आडोसा, आणि गाडीवर घालून नेता येईल इतके वजन. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाचे कल्याण महामंडळ राज्यात आहे, कारखाने आहेत, आणि तालुक्याच्या गावी शिवणारे कारागीरही आहेत. अशा राहुटीचा एक चांगला नमुना आपल्याच जिल्ह्यात तयार व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

ज्यांना घेणे आहे त्यांना शेवटी एवढेच सुचवितो. राहुटी विकत घेतल्यावर ती तशीच गाडीत टाकून यात्रेस निघू नये. एका रविवारी ती मोकळ्या जागेत ठोकावी, गाडी काढून लांब न्यावी, बादलीभर पाणी छतावर ओतावे, आणि एकदा जोरदार वाऱ्यात तिच्यात बसून पाहावे. कोरडी झाल्यावर घडी घालावी. एवढे करून जी राहुटी उभी राहिली, तिच्या भरवशावर घरची माणसे मागे ठेवून पाणी आणावयास जाण्यास हरकत नाही.