छातीतील पाणी काढल्याने काय साधते?

कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण बरा होणार नाही हे ठाऊक असताना त्याच्या छातीतील पाणी काढण्यावर खर्च कशासाठी करावयाचा, असा प्रश्न काही देणगीदार आपुलकीने विचारतात. नातेवाइकांच्या मनातही तो असतो. त्याविषयी थोडे विवेचन करीत आहोत.

‘फुफ्फुसात पाणी झाले’ असे आपण म्हणतो. वास्तविक ते फुफ्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात साचते. निरोगी माणसात तेथे दोन-चार चमचे द्रव असतो. फुफ्फुस, स्तन वा बीजांडकोशाचा कर्करोग तेथवर पसरला की तो लिटरभर किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. फुफ्फुसाला फुगण्यास जागा उरत नाही, श्वासपटल खाली दाबले जाते आणि धाप लागते. असा रुग्ण उशांना टेकून बसून रात्र काढतो. आंघोळ, चार घास जेवण, सलग एक वाक्य बोलणेही त्यास जड जाते.

सोनोग्राफीने जागा निश्चित करून, तेवढ्याच भागाला भूल देऊन सुईने पाणी काढले जाते. एका वेळी साधारणतः दीड लिटरपेक्षा अधिक काढीत नाहीत, कारण दबलेले फुफ्फुस एकाएकी फुगल्यास त्यास सूज येण्याचा धोका असतो. बहुतेकांना लवकर आराम पडतो. मात्र ज्यांचे फुफ्फुस रोगामुळे पुन्हा फुगू शकत नाही, त्यांना तो कमी मिळतो.

पाणी बहुधा काही आठवड्यांत पुन्हा भरते. अशा वेळी आवरणाचे पदर टाल्कच्या भुकटीने चिकटवता येतात, अथवा त्वचेखालून मऊ नळी बसवून घरच्या घरी बाटलीत पाणी काढता येते. ब्रिटनमधील 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही उपायांनी धाप सारखीच कमी झाली. नळी बसविलेल्यांना रुग्णालयात कमी दिवस राहावे लागले, परंतु त्यांच्यात गुंतागुंत अधिक आढळली. म्हणून नळी हाताळताना घरच्यांनी स्वच्छता काटेकोर पाळणे अगत्याचे असते. शिवाय बाटल्यांचा खर्च वारंवार येतो, आणि आजाराने आधीच थकलेल्या कुटुंबास तो पेलत नाही.

या उपायाने कर्करोग बरा होत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. तथापि रुग्णास आडवे होऊन झोपता येते, अंगणापर्यंत चालता येते, घरच्यांशी दोन गोष्टी बोलता येतात. उरलेले दिवस मोजकेच असताना याचे मोल फार मोठे आहे. आपल्या देणगीतून हेच साधते.