आडनावं वेगळी, पणजोबा एकच

मराठी माणूस कुठेही भेटला की आधी विचारतो, "गाव कुठलं?" कतारला मुलाकडे होते तेव्हा एशियन टाउनच्या बाजारातही हाच प्रश्न कानावर यायचा. आपल्या बेने इस्राएल लोकांचं उत्तर तर आडनावातच असतं. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर, दिवे आगरचे दिवेकर. म्हणून घराणं शोधताना पुष्कळ जण आडनावच धरून बसतात. पण तेवढ्याने भागत नाही.

आडनाव गावाचं आहे, रक्ताचं नाही. दोन सख्खे भाऊ पोटापाण्यासाठी दोन गावांत राहिले, की पुढच्या पिढ्यांची आडनावं दोन. उलट एका गावातली दोन निराळी घराणी एकच आडनाव लावतात. नावांचाही घोळ आहे. मुंबईत १७९६ साली आपलं पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल इझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी. कागदात दोन नावं दिसली म्हणून माणसं दोन समजू नका.

आता नात्याचं बघू. आपली परंपरा सांगते, नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. समाज लहान, लग्नं आपापसांत. चुलत, मामे किंवा आते भावंडांचं लग्न झालं, तर त्यांच्या मुलांना पणजोबा-पणज्या आठ नव्हे, सहाच असतात. असं पिढ्यान् पिढ्या झालं की दोन माणसं एकाच वेळी चार वाटांनी नातेवाईक लागतात. म्हणून डीएनए तपासणीत आपल्यातले लांबचे नातेवाईकही जवळचे दिसू शकतात. त्या अहवालाला घरच्या माहितीची जोड हवीच.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाला जर्मन भाषा बोलणारे आमिश लोक अठराव्या शतकात गेले. तेही आपापसांतच लग्नं करत आले. तिथे हाताला सहा बोटं आणि ठेंगणा बांधा असलेली मुलं बऱ्याच घरांत जन्मत. डॉक्टर मॅक्युसिक यांनी वंशावळी जुळवल्या. १९६४ साली त्यांनी दाखवलं की या सगळ्या घरांचा माग १७४४ साली आलेल्या सॅम्युएल किंग आणि त्यांच्या पत्नीपर्यंत जातो. आमिश लोकांनी वंशावळी नीट लिहून ठेवल्या होत्या, म्हणून हे कळलं.

यात घाबरण्यासारखं नाही. नात्यातल्या लग्नाची बहुतेक मुलं धडधाकटच असतात. पण काही आजार असे आहेत, की आई आणि बाप दोघांकडे तोच दोष लपलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. अशा वेळी लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. त्यासाठी घरातला इतिहास ठाऊक पाहिजे.

तेव्हा एक वही करा. प्रत्येकाची सगळी नावं, आईवडिलांची नावं, जन्म-मृत्यूची सालं, मोठा आजार आणि कुठे पुरलं ते लिहा. बायकांचं माहेरचं आडनाव आणि गाव तर नक्कीच लिहा, कारण अर्धी वंशावळ तिथेच हरवते. केतुबा काढून बघा, त्यात नवरीच्या वडिलांचं नाव असतं. बेथ हैम, म्हणजे आपल्या कबरस्तानातल्या दगडांचे फोटो घ्या, मराठी आणि हिब्रू दोन्ही बाजूंनी.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. कागद थांबतील, ती थांबणार नाहीत.