इराण्याच्या दोन पायऱ्या

मुंबईच्या इराणी हॉटेलात चाकाची खुर्ची शिरत नाही, याचं खापर बहुतेकदा इमारतीच्या वयावर फुटतं. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. तेव्हा कोण असा विचार करत होतं, असं म्हटलं की विषय मिटतो. पण आतली मांडणी पाहा. उंच छताचं सलग दालन, संगमरवरी टेबलं, आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पोऱ्या एका हाताने उचलून बाजूला ठेवेल अशा हलक्या. एक खुर्ची काढली की जागा झाली. भिंतीला ठोकलेली बाकडी आणि पोटमाळ्यावरची एसी रूम मिरवणाऱ्या नंतरच्या हॉटेलांपेक्षा इराणी या कामाला कितीतरी सोयीचा. घोडं अडतं दारात, जोत्याच्या एक-दोन पायऱ्यांपाशी.

उताराचं गणित १:१२ चं. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तशा दोन असल्या तर ३.६ मीटर लांबी लागते. एवढा फुटपाथ कुठून आणायचा, हा मालकाचा सवाल रास्त आहे. एका पायरीला मात्र ॲल्युमिनियमची घडीची फळी पुरते. ती गल्ल्यामागे उभी राहते आणि वारसा इमारतीच्या दगडालाही हात लावत नाही. दोन पायऱ्यांसाठी कोपऱ्याच्या जागेचा फायदा घ्यावा: दोन रस्त्यांना दोन दारं असतील, तर त्यातलं बुटकं निवडावं. तेही नसेल तर उतार आत घ्यावा. एक-दोन टेबलं जातील, हे खरं.

‘आम्ही उचलून घेऊ की!’ यामागचा जिव्हाळा खोटा नाही. पण बॅटरीवरची खुर्ची माणसासकट सहज शंभर किलोच्या पुढे जाते, आणि एका चहासाठी दरवेळी चौघांना हाक मारणं कुणाला आवडेल? असं गिऱ्हाईक येतच नाही, ही तक्रार तर उफराटी. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणूनच ते येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. वॉकर घेतलेले आजोबा त्यात धरलेले असतीलच असं नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खासगी सेवांनाही लागू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवणारा नियम रद्द करून सक्तीचे निकष करायला केंद्राला सांगितलं.

संडासाच्या बाबतीत मात्र इराण्याची अडचण मला पटते. खुर्ची वळायला दीड मीटरची मोकळी जागा लागते, ती जुन्या मोरीत भिंत पाडल्याशिवाय निघत नाही. तोवर तसं पाटीवर स्पष्ट लिहावं. गिऱ्हाइकाला सूचना द्यायला इराण्याच्या पाट्या कधी लाजल्या आहेत?