सांधिक कूर्चारोग : प्रतिमादर्शनाने प्रारंभिक निदान

हाडांची टोके जेथे एकमेकांस मिळतात, तेथे त्यांवर असलेल्या गुळगुळीत व लवचिक आवरणास सांधिक कूर्चा म्हणतात. हिचा ऱ्हास हे अस्थिसंधिशोथाचे (सांध्याच्या झिजेच्या विकाराचे) प्रमुख अंग होय. मात्र हा विकार आता केवळ कूर्चेचा न मानता संपूर्ण सांध्याचा मानतात. गुडघा, खुबा व हाताची बोटे यांत तो विशेष आढळतो.

रचना व प्रारंभिक बदल : कूर्चेच्या वजनाचा सु. ६५ ते ८०% भाग पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे, त्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनाचे मोठे रेणू व थोड्या कोशिका असतात. प्रोटिओग्लायकनावरील ऋण विद्युत् भारामुळे सोडियम आयन (विद्युत् भारित अणू) व त्यांबरोबर पाणी आत ओढले जाते आणि कूर्चा दाब सहन करू शकते. कूर्चेत रक्तवाहिन्या व तंत्रिका नसतात. त्यामुळे ती इजा झाल्यास फारशी भरून येत नाही आणि प्रारंभी दुखतही नाही. रोगाच्या आरंभी प्रोटिओग्लायकन घटते, तंतूंचे जाळे सैल होते व पाण्याचे प्रमाण वाढते. जाडी मात्र जवळजवळ पूर्ववत राहते. म्हणून प्रारंभिक निदानासाठी कूर्चेच्या आकाराबरोबर तिच्या घटकांचेही ज्ञान होणे आवश्यक असते.

क्ष-किरण चित्रण : १८९५ मध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण कूर्चेतून आरपार जातात, त्यामुळे चित्रात ती दिसत नाही, दोन हाडांमधील मोकळी जागा तेवढी दिसते. ही जागा अरुंद होणे व हाडांच्या कडांना कंगोरे फुटणे यांवरून केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये ० ते ४ अशा प्रती ठरविल्या. त्या अद्याप वापरात आहेत. गुडघ्याचे चित्र रुग्णास उभे करून घेतात, कारण भार नसताना ही जागा फसवी रुंद दिसू शकते. गुडघ्यातील अर्धचंद्राकृती कूर्चा सरकल्यानेही ती अरुंद होते. एकंदरीत या चित्रात बदल दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो.

श्राव्यातीत तरंग : यांच्या साहाय्याने निरोगी कूर्चा एकसारख्या काळ्या पट्ट्यासारखी दिसते. ही पद्धत स्वस्त व निर्धोक आहे. परंतु हाडाआड दडलेला भाग तीत दिसत नाही.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एम्. आर्. आय्.) : पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये या तत्त्वावरील प्रतिमा प्रसिद्ध केली; त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना या कार्याबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यातील प्रोटॉनांपासून मिळणाऱ्या संकेतांवरून कूर्चेची जाडी, तिच्यातील भेगा, खालच्या अस्थिमज्जेतील बदल व अर्धचंद्राकृती कूर्चेच्या फाटी प्रत्यक्ष दिसतात.

घटकांतील बदल ओळखण्यासाठी विशेष पद्धती आहेत. प्रोटॉनांचा परस्परमेळ नाहीसा होण्यास लागणारा काल (टी-२) कोलॅजेनाचे जाळे विस्कटल्यास व पाणी वाढल्यास वाढतो. मात्र तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सु. ५५° चा कोन करीत असतील, तर निरोगी कूर्चेतही तो वाढलेला दिसतो. दुसऱ्या पद्धतीत ऋण भारित गॅडोलिनियम संयुग शिरेतून टोचतात. प्रोटिओग्लायकन जेथे घटले असेल तेथे ते अधिक शिरते. त्यासाठी सु. दीड तास थांबावे लागते. मूत्रपिंडांचा तीव्र विकार असणाऱ्यांत अशी संयुगे धोकादायक ठरू शकतात. सोडियमाच्या अणुकेंद्रांपासून प्रतिमा मिळविल्यास प्रोटिओग्लायकनाचा अधिक थेट अंदाज येतो. परंतु संकेत क्षीण असल्याने ७ टेस्लासारखे प्रबल क्षेत्र इष्ट ठरते.

प्रतिमांचा अर्थ : अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ७१० व्यक्तींची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्वांचे वय ५० पेक्षा अधिक होते व क्ष-किरण चित्रात त्यांच्या गुडघ्यांत अस्थिसंधिशोथ नव्हता. तरी ८९% व्यक्तींत अनुस्पंदन प्रतिमेत काही ना काही विकृती आढळली. गुडघा न दुखणाऱ्यांतही हे प्रमाण जवळजवळ तितकेच होते. म्हणून केवळ प्रतिमेवरून एखाद्यास रोगी ठरविणे किंवा त्यावर शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हे. पंचेचाळिशी उलटलेल्या व्यक्तीस हालचालीने वाढणारी वेदना असेल व सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जात असेल, तर निदान बहुधा लक्षणांवरूनच करता येते. इजा, सांधा अडकणे किंवा अन्य रोगाचा संशय असल्यास मात्र ही तपासणी उपयुक्त ठरते.

गेलेली कूर्चा पूर्ववत करणारे सिद्ध औषध अद्याप उपलब्ध नाही. वजन घटविणे व मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हे उपाय निदान लवकर झाले किंवा उशिरा झाले तरी हितकारकच असतात. यामुळे घटकदर्शी पद्धतींचा मुख्य उपयोग सध्या संशोधनात होतो. अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ पाहणीत ४५ ते ७९ वर्षे वयाच्या ४,७९६ व्यक्तींच्या गुडघ्यांच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेण्यात आल्या. कूर्चा वाचविणारे औषध हाती आल्यास ते कोणास व केव्हा द्यावे, हे ठरविण्यास या पद्धती उपयोगी पडतील.