फळाचा ताजेपणा आणि घरांतील संशय

गेल्या पंधरवड्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. आजारांतून उठणाऱ्या थोरल्या बंधूंसाठीं मोठ्या दुकानांतून बिनबियांचीं द्राक्षें व डाळिंबें आणलीं होतीं. "ज्यांत बी नाहीं, जें पंधरा दिवस सडत नाहीं, तें जनुकें बदललेलें फळ; पथ्याला नको," असें काकू म्हणाल्या, आणि ताट मागें सरलें. ही भीति आज अनेक सुशिक्षित घरांत आढळते. म्हणून तिचा शांतपणें विचार करणें इष्ट.

परदेशांत अशीं फळें आहेत, हें खरें. हवाई बेटांवर विषाणूरोगास दाद न देणारी पपई १९९८ पासून पिकते. कापल्यावर काळें न पडणारें सफरचंद अमेरिकेनें २०१५ मध्यें मान्य केलें. आपल्याकडे मात्र व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेलें असें पीक एकच, आणि तें म्हणजे २००२ मध्यें आलेला कापूस. वांग्याची लागवड २०१० मध्यें रोखण्यांत आली. सफरचंद, पपई यांसह २४ पिकांचा माल बाहेरून आणतांना तो जनुकबदलाचा नसल्याचा दाखला २०२१ पासून लागतो.

मग बिनबियांचीं द्राक्षें कोठून आलीं? त्यांत बी कोवळेपणींच खुंटतें, आणि वेल कलमानें वाढवितात. 'सोनाका' ही जात सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनीं वेलींच्या चिकित्सक निवडीनें मिळविली. केगांवच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची 'सोलापूर लाल' ही जात संकरानें सिद्ध झाली. शेतकऱ्याच्या या चिकाटीवर आपण नकळत संशय घेतों, हें न्यायाचें नव्हे. डाळिंब टिकतें तें त्याच्या जाड सालीमुळें.

दोष होताच, पण तो निराळा. घोस हलवतांच मणी गळले. देठ तपकिरी पडले होते. द्राक्षें शिळीं होतीं, आणि तीं कधीं तोडलीं हें डब्यावर कोठेंच नव्हतें.

गृहिणींनीं एवढें पाहावें : द्राक्षाचा देठ हिरवा व मणी घट्ट असावेत, मण्यांवरील पांढुरका थर बहुधा नैसर्गिक मेणाचा असतो, तरी फळ धुऊनच खावें. डाळिंब हातास जड लागावें. साल थोडी सुकली तरी चिंता नाहीं. हीं दोन्हीं फळें तोडल्यावर पिकत नाहींत, म्हणून कच्चीं घेऊं नयेत.

द्राक्षें परत गेलीं. डाळिंब बंधूंनीं आनंदानें खाल्लें. काकूंचा नकार योग्यच होता, कारण तेवढें चुकलें होतें. यापुढें दुकानदारास पहिला प्रश्न "फळ कधीं तोडलें?" हाच विचारावा, असें आमच्या घरीं ठरलें आहे.