वकिलातीचं दार

पासपोर्टच्या पुस्तिका छापतात नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पण त्यावर अमेरिकेचा व्हिसा हवा असला की नाशिककराला मुंबई गाठावी लागते. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, एमएसला निघालेला मुलगा, सगळे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जातात. दोन देशांचे संबंध सामान्य माणसाच्या वाट्याला येतात ते तिथल्या खिडकीपाशी. म्हणून ती इमारत कशी बांधली आहे, याला मी फार महत्त्व देतो.

2011 पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीला, समुद्राकाठच्या लिंकन हाऊसमध्ये होती. मूळचा हा वांकानेरच्या महाराजांचा राजवाडा, क्लॉड बॅटली यांनी 1930च्या दशकात उभारलेला. अमेरिकेने तो 1957 मध्ये 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. मोजक्या पाहुण्यांच्या सरबराईसाठी बांधलेल्या वास्तूत व्हिसाची गर्दी कशी मावणार? त्यात 1998 मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. नव्या दूतावासांची इमारत हद्दीपासून किमान 100 फूट आत असावी, हा नियम त्यानंतर कसोशीने पाळला जाऊ लागला. भर वस्तीतल्या जुन्या वाड्यांना हे कुठून जमणार!

याच देशाचा दिल्लीतला दूतावास बघा. चाणक्यपुरीतली ही इमारत एडवर्ड ड्युरेल स्टोन यांची, 1959 मध्ये खुली झालेली. दर्शनी बाजूला बारीक सोनेरी खांब, वर पुढे आलेलं रुंद छप्पर आणि काचेच्या बाहेरून चौफेर पांढरी जाळी. ऊन जाळीवरच अडतं, आत कवडसे तेवढे उतरतात. मधल्या चौकात पाणी आणि झाडं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाशी मैत्री जोडायची, तर त्याच्याच जाळी-चौकाची रीत उचलावी, हे स्टोन यांना उमगलं होतं. परक्या मुलखात घर बांधताना एवढा आदर दाखवणं हेही राजनैतिक कामच आहे.

आजच्या वकिलातींना सुरक्षा टाळता येणार नाही, हे मान्य. वांद्र्याला अर्जदाराला मोबाईल आत नेता येत नाही, सोबतच्या नातेवाइकांनाही सहसा बाहेरच थांबावं लागतं. आईचा फोन मुठीत धरून दाराकडे डोळे लावून बसलेला तो मुलगा नकाशात कुठे असतो? कोणत्याही देशाने वकिलात बांधताना त्याच्यासाठी सावली, बाक आणि पिण्याचं पाणी आराखड्यातच धरायला हवं.