गुपित बरोबर, तरी दार बंद



ऊस विकास अधिकाऱ्याने संगणकावर लिहावे हे थोडे चमत्कारिकच. पण काट्यावरचे वजन मोबाईलवर आले नाही, की आपण फोन मलाच लावता. म्हणून पावसाळ्यात गावी गेलो असता पाहिलेली एक हकीगत सांगतो.

माझे मूळ गाव अहेरी. मी जन्मलो तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. मुलूख धानाचा आणि जंगलाचा. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले, की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून माझ्या भाच्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. रोज पहाटे तो एका सर्व्हरकडून पावसाचे आकडे मागून घेतो आणि त्या रस्त्यावरच्या जीपवाल्यांना निरोप धाडतो. मी गेलो तेव्हा चार दिवस निरोप बंद, आणि वर पावसाने झड लावलेली.

"मामाजी, सर्व्हर आपल्याला ओळखतच नाही जी. नुसतं ४०१ म्हणते. तीनदा नवं गुपित मागवलं, तरी तेच."

४०१ म्हणजे 'तू कोण ते मला पटले नाही'. ओळख पटली पण परवानगी नसली, तर ४०३ येते. याचा अर्थ लाईन शाबूत होती, सर्व्हर बोलत होता. या पद्धतीत गुपित तारेवरून जातच नाही. ते दोन्हीकडे ठेवलेले असते. मागणीचा मजकूर आणि त्या क्षणाची वेळ घेऊन प्रोग्रॅम गुपिताच्या आधारे एक शिक्का तयार करतो. सर्व्हर तोच हिशेब आपल्याकडे करून ताडून पाहतो. वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला, तर हा सर्व्हर शिक्का शिळा धरतो. नाही तर कोणीही जुना शिक्का चोरून पुन्हा वापरील. मोबाईलच्या काही ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडे दिसतात, तेही असेच गुपित आणि वेळ मिळून बनतात.

मला त्यातले फार कळत नाही, पण मोजणे कळते. "गुपिताची अक्षरे किती?" "चाळीस." प्रोग्रॅमलाच मोजायला लावली, तर एक्केचाळीस! फाईलमध्ये उतरवताना शेवटी एन्टर दाबले गेले होते. ते डोळ्याला दिसत नाही, हिशेबात मात्र धरले जाते. भाच्याचा चेहरा खुलला. एन्टर काढले. पुन्हा ४०१.

"म्हणजे ते कारण नव्हतंच," म्हणत तो पहिल्यासारखे करायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले. ठिबकवर हे मी रोज पाहतो. शेवटच्या नळीला पाणी पोचत नाही, शेतकरी फिल्टर धुतो, तरी पाणी येत नाही, म्हणून तो फिल्टरला निर्दोष ठरवतो. व्हॉल्व्हही अर्धा बंद आहे, हे कोणी पाहतच नाही. दोष दोन असले, की एक काढून गुण दिसत नसतो. केलेली दुरुस्ती तशीच ठेवून पुढे जायचे.

मग घड्याळ पाहिले. संगणकातला बटणासारखा सेल संपला होता. वीज जाऊन आली की तारीख काही वर्षे मागे जाई. भाच्याने वेळ हाताने लावली होती, भिंतीवरचे घड्याळ बघून. आणि आमचे भाऊजी एसटी चुकू नये म्हणून ते घड्याळ वीस मिनिटे पुढे ठेवतात! मूळ दोष हाच. एन्टरचा दोष पोराने नव्या गुपितांच्या घाईत स्वतः आणलेला. मोबाईलवर पाहून वेळ लावली आणि आकडे आले. त्याच संध्याकाळी जीपवाल्यांना निरोप गेले.

काम झाले तरी मी त्याला चौथे गुपित मागवायला लावले, कारण तिसऱ्याचा फोटो त्याने मित्राला तपासायला पाठवला होता. भाचा कुरकुरला. मी ऐकले नाही.

आपल्या काट्यावरचा संगणकही वजने असाच शिक्का मारून पाठवतो. शिक्का नाकारला गेला तर निरोप अडतो, वजन हरवत नाही. ते छापील पावतीवर असते. पावती जपून ठेवा आणि निरोप आला नाही, तर ती घेऊन गट कार्यालयात या. काट्यावरच्या संगणकाची वेळ मी सोमवारी मोबाईलशी ताडून पाहिली. चार सेकंदांचा फरक निघाला.